मानेच्या मणक्यांवर वाढलेले हाड आणि गिळण्याचा त्रास: दोष हाडाचाच आहे का, हे आधी पाहावे लागते

प्रश्न एका मुलीने वडिलांविषयी विचारला आहे, तो थोडक्यात असा. वडिलांचे वय ७१ वर्षे आहे आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या दीड वर्षापासून कोरडा घास घशात अडकल्यासारखा वाटतो, मोठ्या गोळ्या उतरत नाहीत आणि जेवताना अधूनमधून ठसका लागतो. पोटाच्या दुर्बीण तपासणीत काहीही आढळले नाही. मानेच्या एक्स-रेमध्ये मात्र तिसऱ्या ते सहाव्या मणक्याच्या पुढच्या बाजूला हाडाची मोठी वाढ दिसली. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून हे हाड काढून टाकायला सांगितले, तर दुसऱ्यांनी हे वयोमानाने होतेच, लक्ष देऊ नका असे सांगितले. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि वडिलांना सुरू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का, असे तिने विचारले आहे.

कान-नाक-घसा विभागात गिळण्याच्या तक्रारी तपासणे हे माझे रोजचे काम आहे आणि अशी दोन टोकांची मते घेऊन आलेली कुटुंबे मला नेहमी भेटतात. माझ्या मते या दोन्ही सल्ल्यांत एकच पायरी गाळली गेली आहे. हाड वाढलेले आहे यात शंका नाही आणि गिळायला त्रास होतो यातही नाही, परंतु त्या हाडामुळेच हा त्रास होतो आहे, हे अजून कोणी पाहिलेले नाही. एक्स-रेमध्ये मान स्थिर असते आणि घसा रिकामा असतो. त्यातून हाडाचा आकार कळतो, घास कोठे आणि का अडतो ते कळत नाही. ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया सुचवणे जितके घाईचे आहे, तितकेच तक्रार वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होणेही घाईचे आहे.

मानेच्या सात मणक्यांच्या पुढच्या पृष्ठभागाला एक लांब अस्थिबंध वरपासून खालपर्यंत चिकटलेला असतो, त्याच्या पुढे सैल ऊतींचा पातळ थर असतो आणि त्याला लागूनच घशाची मागची भिंत असते. प्रौढ माणसात दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांपुढील या मऊ भागाची जाडी साधारण ७ मिलिमीटरपर्यंत असते. सहाव्या मणक्यापुढे ती २२ मिलिमीटरपर्यंत असू शकते, कारण तेथे घसा संपून अन्ननलिका सुरू होते आणि तिची जाडीही त्यात मोजली जाते. वरच्या भागात हाडाला पुढे यायला जागाच नसल्यामुळे तेथील उंचवटा थेट घशाच्या पोकळीत डोकावतो. खालच्या भागात जागा अधिक दिसली तरी तेथे वेगळी अडचण असते. अन्ननलिकेचे मुख पुढे स्वरयंत्राच्या तळाची कूर्चेची कडी आणि मागे मणका यांच्यामध्ये अडकलेले असते, त्याला बाजूला सरकता येत नाही. त्यामुळे एकाच आकाराची वाढ कोणत्या मणक्यावर आहे त्यानुसार अगदी वेगवेगळा त्रास देऊ शकते. अहवालात फक्त ‘पुढील बाजूस अस्थिवाढ’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती नेमकी कोणत्या मणक्यावर सर्वांत जास्त आहे आणि किती मिलिमीटर आहे, हे मुद्दाम विचारून घ्यावे.

ही वाढ दोन प्रकारांनी होते आणि दोन्हींना सरसकट ‘मणक्याची झीज’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. पहिला प्रकार खरोखरच झिजेचा आहे: मणक्यांमधील चकती वाळते, तिची उंची कमी होते आणि मणक्यांच्या कडांवर हाडाच्या चोची फुटतात. अशा चोची बहुधा लहान असतात आणि गिळण्यात क्वचितच आड येतात. दुसऱ्या प्रकारात चकत्या बऱ्यापैकी शाबूत असतात, पण वर सांगितलेला अस्थिबंधच हळूहळू हाडात बदलत जातो. जाक फोरेस्तिए आणि झौमे रोतेस-केरोल या दोघांनी १९५० मध्ये या आजाराचे वेगळे वर्णन केले, म्हणून त्याला फोरेस्तिएचा आजार म्हणतात. आजच्या अहवालांत तो ‘डिश’ (डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरोस्टोसिस) या आद्याक्षरांच्या नावाने लिहिलेला असतो. रेझनिक आणि निवायामा यांनी १९७६ मध्ये दिलेल्या निकषांनुसार सलग किमान चार मणक्यांवरून वाहत गेलेली हाडाची पट्टी, टिकून असलेली चकत्यांची उंची आणि कमरेखालच्या त्रिकश्रोणी सांध्यांमध्ये झीज किंवा जोड नसणे, या गोष्टी मिळून हे निदान होते. एक्स-रेमध्ये ही पट्टी मेणबत्तीवरून ओघळून थिजलेल्या मेणासारखी दिसते.

हा आजार बहुतेक वेळा पन्नाशीनंतर आणि पुरुषांमध्ये जास्त आढळतो. मधुमेह, स्थूलता आणि गाऊट यांच्याशी त्याचा संबंध वारंवार दिसून आला आहे, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या बाबतीत तोच असण्याची शक्यता मला अधिक वाटते. छातीच्या मणक्यांवर हे हाड बहुतेक वेळा उजव्या बाजूला वाढते, कारण डावीकडे महाधमनीचे सतत ठोके पडत असतात. ज्यांचे हृदय आणि इतर अवयव जन्मतःच उलट बाजूला असतात त्यांच्यात ही वाढ डावीकडे दिसते. या गोष्टीचा उपचारासाठी उपयोग नाही, पण शरीरात हाड कोठे साचते आणि कोठे नाही याची ती फार बोलकी खूण आहे. डिशला कधीकधी चुकून अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस समजले जाते. हा दुसरा आजारही मणके जोडतो, पण तो तरुण वयात सुरू होणारा, दाहाचा आजार आहे आणि त्याची औषधे वेगळी आहेत. पंचाहत्तरीच्या आसपासच्या माणसाला केवळ मणके जोडलेले दिसतात म्हणून ती औषधे सुरू झालेली असतील, तर निदान पुन्हा तपासून घ्यावे.

हाड गिळण्यात नेमके कसे आड येते, हे समजून घेण्यासाठी गिळण्याचा मधला टप्पा पाहावा लागतो. घास जिभेच्या मुळावरून घशात उतरल्यापासून अन्ननलिकेत शिरेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्या वेळात स्वरयंत्र सुमारे दोन सेंटिमीटर वर आणि थोडे पुढे उचलले जाते, त्यावरचे कंठच्छद मागे कलून श्वासाची वाट झाकते, आणि एरवी घट्ट मिटलेली अन्ननलिकेच्या तोंडाची झडप उघडते. तिसऱ्या-चौथ्या मणक्यावरचा उंचवटा कंठच्छदाच्या कलण्याच्या वाटेतच येतो. पाचव्या-सहाव्या मणक्यांजवळचा उंचवटा झडपेला पूर्ण उघडू देत नाही. याशिवाय हाडावर घासल्यामुळे घशाच्या मागच्या भिंतीला सूज येते, ही सूज कमी-जास्त होत राहते, आणि म्हणूनच हाड तेवढेच असूनही काही आठवडे त्रास वाढतो व काही आठवडे रुग्ण बरा असतो. मान मागे टाकली की उंचवटा अधिक पुढे येतो. गोळी घेताना डोके मागे झुकवण्याची अनेकांना सवय असते. अशा रुग्णांनी ती सोडली तर गोळी पुष्कळदा सहज उतरते.

इतके सगळे खरे असूनही, हाड दिसले म्हणजे कारण सापडले असे मानायला मी तयार नसतो. उतारवयात मानेच्या मणक्यांवर अशी वाढ असलेल्या बहुसंख्य लोकांना गिळायला काहीच त्रास नसतो. कित्येकांत ती दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये योगायोगाने सापडते. हाड अनेक वर्षे हळूहळू वाढते आणि घसा त्याच्याशी जुळवून घेत राहतो. तुमच्या वडिलांचे हाड दीड वर्षापूर्वी उगवलेले नाही, ते बहुधा दहा-पंधरा वर्षे तरी वाढत असावे. मग दीड वर्षापूर्वी काय बदलले? हा प्रश्न मी प्रत्येक रुग्णाला विचारतो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा हाडाबाहेरचे असते. मोठ्या आजारपणात वजन उतरून घशाचे स्नायू दुबळे झालेले असतात, लक्षात न आलेला सौम्य पक्षाघात होऊन गेलेला असतो, कंपवाताची सुरुवात असते, जठरातील आम्ल वर येऊन घसा सुजलेला असतो किंवा झोपेच्या, मानसिक आजाराच्या वा लघवीच्या औषधांनी तोंड कोरडे पडलेले असते. जुने हाड आणि नवी दुर्बलता यांची बेरीज झाली की इतकी वर्षे निभावून नेलेले गिळणे कोलमडते. अशा वेळी दोन्हींचा वाटा किती, हे ठरवल्याशिवाय केवळ हाड काढले, तर अर्धाच आराम मिळतो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे कर्करोग नजरेतून सुटता कामा नये. पोटाची दुर्बीण तपासणी स्वच्छ आली म्हणजे घसाही स्वच्छ आहे असे समजू नये, कारण ती दुर्बीण घशातून फार लवकर खाली जाते आणि स्वरयंत्रामागचा कोपरा तिला नीट दिसत नाही. नाकातून जाणाऱ्या बारीक दुर्बिणीने घसा वेगळा पाहावाच लागतो, विशेषतः रुग्णाने तंबाखू किंवा मद्याचे सेवन केलेले असेल तर. काही आठवड्यांतच घन अन्नापासून पातळ अन्नापर्यंत वाढत गेलेला त्रास, एका बाजूच्या कानात जाणारी कळ, बदललेला आवाज, थुंकीतून रक्त, मानेतली गाठ किंवा झपाट्याने घटलेले वजन यांपैकी काहीही असेल, तर हाडाचा विचार बाजूला ठेवून आधी कर्करोगाचा शोध घ्यावा. जेवणानंतर बऱ्याच वेळाने न पचलेले अन्न तोंडात परत येत असेल, तर घशाच्या मागे पिशवी तयार झाल्याची शंका घ्यावी. जेवणाच्या सुरुवातीला सगळे ठीक असून शेवटी शेवटी चावणे-गिळणे थकत जात असेल किंवा पापण्या जड होत असतील, तर मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार तपासावा.

आता तपासणीविषयी. नाकातून दुर्बीण घातली की अशा रुग्णाच्या घशाच्या मागच्या भिंतीवर गुळगुळीत, गुलाबी, कडक असा फुगवटा दिसतो. त्यावरची त्वचा अखंड असते, आणि बहुधा तो एका बाजूला जास्त असल्यामुळे त्या बाजूचा अन्न जाण्याचा खळगा झाकून टाकतो. त्याच दुर्बिणीतून पाहत रुग्णाला रंगीत पाणी आणि मऊ घास दिला, तर गिळल्यानंतर मागे काय उरते आणि श्वासनलिकेकडे काय झिरपते, तेही कळते.

परंतु या आजारात माझा सर्वाधिक विश्वास आहे तो चलत्-चित्र बेरियम तपासणीवर. रुग्णाला क्ष-किरणांच्या यंत्रापुढे बाजूने बसवून बेरियम मिसळलेले पाणी, घट्ट द्रव आणि घन घास क्रमाने गिळायला देतात आणि सेकंदाला २५ ते ३० चित्रे टिपतात. हाड खरोखर दोषी असेल तर संथ गतीने पाहताना सारा प्रकार उलगडतो. घास जिभेच्या मुळावरून सरकतो, कंठच्छदाचे टोक कलायला निघते आणि मागच्या भिंतीतून पुढे आलेल्या उंचवट्याला टेकून आडवेच थांबते. घासाचा बराचसा भाग खाली जातो, पण जिभेच्या मुळाशी असलेल्या खळग्यात काही उरतो. रुग्ण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गिळतो, तरी तो साठा हलत नाही; मग श्वास घेण्यासाठी स्वरयंत्र उघडते आणि साठ्यातून एक बारीक धार श्वासनलिकेत उतरते. कधी यावर जोराचा ठसका लागतो. कधी रुग्ण शांत बसलेला असतो, त्याला काही कळतही नाही, आणि धोका खरा तेथे असतो, कारण असे नकळत उतरणारे अन्न वारंवार न्यूमोनिया घडवते.

याच्या उलट चित्रही पुष्कळदा दिसते. हाड चांगलेच मोठे असते, घास त्याला वळसा घालून विनासायास जातो, आणि साठून राहतो तो घशाच्या दोन्ही बाजूंना सारखाच, उंचवट्याच्या वर आणि खालीही. कारण घशाचे स्नायू घास पिळून पुढे ढकलण्याइतके जोरात आवळलेच जात नाहीत. अशा रुग्णाचे हाड काढून काही साधत नाही. दोन्ही रुग्णांचे साधे एक्स-रे शेजारी ठेवले तर ते सारखेच दिसतील. आकाराला अर्थ नाही असे मात्र नव्हे: वाढ १० मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर अन्न श्वासनलिकेत जाण्याची शक्यता लक्षणीय वाढते, त्यामुळे तेवढ्या वाढीच्या रुग्णात ही तपासणी लांबवू नये. सी-टी स्कॅन हाडाचा नेमका आकार दाखवतो आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हाच त्याची खरी गरज पडते. हातांना मुंग्या, बोटांची नाजूक कामे न जमणे किंवा चालताना तोल जाणे अशी लक्षणे असतील तर एमआरआय करावा, कारण काही रुग्णांत मणक्याच्या मागच्या बाजूचा अस्थिबंधही हाडात बदलतो आणि मज्जारज्जूवर दाब येतो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत पुढच्या भेटीपूर्वी घरी काही गोष्टी नोंदवून ठेवाव्यात. सहा महिन्यांपूर्वीचे आणि आजचे वजन, एका जेवणाला लागणारा वेळ, ठसका पाण्याने लागतो की घनाने, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होतो का, वर्षभरात ताप-खोकल्याचे किती आजार झाले, आणि रात्री झोपेत घोरणे किंवा श्वास अडखळणे नव्याने सुरू झाले आहे का. ईट-१० नावाची दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, तिच्यात प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण देतात. एकूण ३ किंवा अधिक गुण आले तर गिळण्यात दोष आहे असे मानून तपासणी करतात. तिच्यावरून निदान होत नाही, पण उपचारांनी फरक पडला की नाही हे तीन महिन्यांनी पुन्हा भरून पाहता येते. या सर्व नोंदींमध्ये मी सर्वाधिक महत्त्व वजनाला आणि छातीच्या संसर्गाला देतो. वजन टिकून आहे आणि न्यूमोनिया झालेला नाही, तोवर उपचार शांतपणे, टप्प्याटप्प्याने करायला वेळ असतो.

हाड दोषी आहे असे ठरले, तरी बहुतेकांना सुरुवातीला शस्त्रक्रियेवाचूनच उपचार द्यावेत आणि कित्येकांचे तेवढ्यावर भागते. अन्न मऊ आणि ओलसर असावे, घास लहान असावा, प्रत्येक घासाला दोनदा गिळावे आणि मध्ये मध्ये पाण्याचा घोट घ्यावा. हनुवटी छातीकडे किंचित झुकवून गिळल्याने अनेकांना आराम पडतो, तर काहींना उंचवटा ज्या बाजूला आहे तिकडे मान वळवून गिळणे सोपे जाते. मात्र कोणाला कोणती स्थिती लाभते हे बेरियम तपासणीतच करून पाहावे, कारण चुकीच्या स्थितीत अन्न श्वासनलिकेत जाण्याचे प्रमाण वाढूही शकते. गिळण्याच्या व्यायामांसाठी प्रशिक्षित वाक्-उपचारतज्ज्ञांकडे जावे. स्नायू दुबळे असतील तर हाडापेक्षा या व्यायामांचाच गुण जास्त येतो. सूज असेल तर दाहशामक वेदनाशामकांचा छोटा क्रम उपयोगी पडतो, पण मधुमेह असलेल्या सत्तरीच्या माणसात मूत्रपिंड, हृदय आणि जठर तपासल्याशिवाय तो देऊ नये आणि स्वतःच्या मनाने तर अजिबात घेऊ नये. आम्लपित्त असेल तर त्याचा उपचार करावा. दात आणि तोंड रोज नीट स्वच्छ ठेवावे. हे फार क्षुल्लक वाटते, पण श्वासनलिकेत उतरणाऱ्या लाळेबरोबर तोंडातले जंतूच फुप्फुसात जातात.

मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि वजन जास्त असल्यास ते कमी करणे हे अन्य कारणांसाठी आवश्यकच आहे, परंतु त्यामुळे आधीच तयार झालेले हाड विरघळत नाही. ते विरघळवणारे कोणतेही औषध, तेल किंवा लेप आज उपलब्ध नाही. मानेला ताण देणे, झटका देऊन मणके ‘बसवणे’ किंवा जोराने चोळणे हे प्रकार या रुग्णांत पूर्णपणे टाळावेत. डिशमध्ये अनेक मणके मिळून एकच लांब, कडक दांडा तयार झालेला असतो आणि तो अगदी साध्या पडण्यानेही मोडू शकतो. असा रुग्ण बसल्या जागेवरून पडला आणि त्यानंतर मान दुखू लागली, तर साध्या एक्स-रेवर समाधान न मानता सी-टी स्कॅन करून घ्यावा, कारण असे अस्थिभंग एक्स-रेमध्ये सुटू शकतात आणि उशिरा लक्षात आले तर हातापायांची ताकद जाऊ शकते.

शस्त्रक्रिया मी केव्हा सुचवतो? तपासणीत हाडामुळेच अडथळा होतो हे दिसले आहे, दुसरे मोठे कारण नाही किंवा त्यावर उपचार झालेले आहेत, आणि काही महिने प्रामाणिकपणे केलेल्या उपायांनंतरही वजन घटते आहे किंवा अन्न श्वासनलिकेत जातच आहे, तेव्हा. श्वास घेताना घरघर होणे किंवा श्वास कोंडणे सुरू झाले, तर मात्र वाट पाहत बसू नये. अशा वेळी आधी श्वासमार्ग सुरक्षित करावा लागतो, प्रसंगी मानेतून श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागते.

शस्त्रक्रियेत मानेच्या पुढच्या बाजूला छेद घेऊन, रक्तवाहिन्या एका बाजूला आणि श्वासनलिका-अन्ननलिका दुसऱ्या बाजूला सारून, मणक्यांपर्यंत पोहोचतात आणि वाढलेले हाड वेगाने फिरणाऱ्या यंत्राने घासून सपाट करतात. डिशमध्ये ते मणके आधीच जोडले गेलेले असल्यामुळे धातूची पट्टी व स्क्रू लावून पुन्हा जोडण्याची गरज सहसा नसते. शिवाय पट्टी स्वतःच जागा व्यापते. हलत्या मणक्यांमधील चकती उघडी पडत असेल तर हा निर्णय वेगळा होतो. जोखीमही नीट समजून घ्यावी: स्वरयंत्राच्या चेतातंतूला इजा होऊन आवाज बसणे, अन्ननलिकेला छिद्र पडणे, जखमेत रक्त साचून श्वास कोंडणे. हे प्रसंग वारंवार घडत नाहीत, पण सत्तरीनंतर घडले तर ते फार महागात पडतात. म्हणून मणक्यांची आणि घशाची शस्त्रक्रिया करणारे, दोन्ही तज्ज्ञ एकत्र काम करतात असे रुग्णालय निवडावे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस सूज असल्याने गिळणे उलट अवघड होते आणि नाकातून घातलेल्या नळीने अन्न द्यावे लागू शकते. ही गोष्ट आधी सांगितलेली नसली की कुटुंब घाबरते. हाड हेच मुख्य कारण असेल तर पुढच्या काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत बहुतेकांना चांगला आराम मिळतो. मात्र हाड काढले तरी त्या शरीराची हाड वाढवण्याची प्रवृत्ती कायम असते: दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांत हाड सरासरी वर्षाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढलेले आढळले आहे आणि काहींना दहा-एक वर्षांनी त्रास पुन्हा सुरू झाला आहे. ७१ वर्षांच्या माणसासाठी हा हिशेब ५५ वर्षांच्या माणसापेक्षा निश्चितच वेगळा मांडावा लागतो.

शस्त्रक्रिया करा किंवा न करा, एक चिठ्ठी वडिलांच्या कागदपत्रांत कायम ठेवावी: मानेच्या मणक्यांवर पुढे मोठी अस्थिवाढ आहे आणि मान ताठ आहे. पुढे कोणत्याही कारणाने भूल द्यायची असेल, श्वासनळी घालायची असेल, पोटाची दुर्बीण तपासणी पुन्हा करायची असेल किंवा नाकातून नळी टाकायची असेल, तर हे आधी माहीत असलेले डॉक्टर वेगळी तयारी ठेवतात. अशा उंचवट्यावर नळी जोराने ढकलल्याने घसा फाटू शकतो.

राहिला कॅल्शियमचा प्रश्न. आहारातील किंवा गोळ्यांमधील कॅल्शियम मणक्यांपुढे जाऊन साचते, हा समज चुकीचा आहे, आणि ते बंद केल्याने वाढलेले हाड कमी होत नाही. ते ज्या कारणासाठी सुरू केले होते ते कारण अजून आहे का, एवढेच पाहावे. येथे एक मेख मात्र आहे: हाडांची घनता मोजणारी तपासणी कमरेच्या मणक्यांवर केली असेल, तर त्यांच्यावरच्या जादा हाडामुळे आकडा खोटाच चांगला येतो आणि हाडे प्रत्यक्षात ठिसूळ असूनही ते लक्षात येत नाही, अशा रुग्णात खुब्याच्या हाडाचा आकडा ग्राह्य धरावा. हाडे मजबूत करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची बिस्फॉस्फोनेट गटातील गोळी सुरू असेल, तर ती डॉक्टरांना ताबडतोब सांगावी, कारण ती अन्ननलिकेत अडकून राहिली तर तेथे व्रण पाडते, आणि ज्याच्या घशात गोळ्या अडकतात त्याला त्याऐवजी इंजेक्शनचा पर्याय देता येतो. कॅल्शियमची मोठी गोळी चघळण्याच्या किंवा पातळ स्वरूपात बदलून घ्यावी. बाकीच्या गोळ्या कुटून देण्यापूर्वी प्रत्येक गोळीविषयी औषधतज्ज्ञांना विचारावे, कारण दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी कुटली, तर तिचा सगळा डोस एकदमच शरीरात जातो.